मदत हवी आहे: सोनं निळं पडतंय, शुक्रवारच्या आत उपाय सांगा

वैतागलेली_एमेस्सी
सोन्याचे नॅनोकण करतेय, नेहमीच्या सायट्रेट पद्धतीने. आधी मस्त लाल असतं, मग निळं पडतं. तीनदा झालं. सोन्याचं क्लोराइड संपत आलंय, ते काय भावाने येतं हे इथल्या लोकांना सांगायला नको. शुक्रवारी गाईडना दाखवायचंय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. आणि कृपा करून "भांडी नीट धुवा" एवढं सांगू नका, ते वाचून वाचून कंटाळा आलाय.

जुना_भांडेघाशा
भांडी नीट धुवा. :)
रागावू नका ताई, कॉलेजच्या लॅबमध्ये २८ वर्षं काढलीत. दहातले आठ जण भांड्यांपायीच रडत यायचे. तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक, हूडखाली, आणि अम्लराज उरलं तर बाटलीचं बूच घट्ट लावून ठेवायचं नाही, फुटते. नंतर कंटाळा येईपर्यंत शुद्ध पाणी. क्लोराइड काढायला स्टीलचा चमचा वापरत असाल तर तोही बंद करा. क्लोराइड स्टीलला खातं, चमच्यावर सोनं बसतं आणि बाटलीत लोखंड जातं.

सरळरेषा
प्रश्नात माहितीच नाही. किती तीव्रता, सायट्रेट किती, आणि मुख्य म्हणजे लाल झाल्यावर किती वेळाने निळं? पाच मिनिटांत पडलं आणि पाच दिवसांत पडलं हे दोन वेगळे आजार आहेत. कुठला रंग किती शोषला जातोय याचा स्पेक्ट्रम काढलाय का?

वैतागलेली_एमेस्सी
काका, चमचा प्लास्टिकचा आहे आणि भांडी अम्लराजातूनच काढलीत.
@सरळरेषा: १ मिलिमोलर १०० मिली, खळखळ उकळताना ३८.८ मिलिमोलर सायट्रेट १० मिली एकदम ओतलं. पिवळा रंग गेला, मग काळपट-जांभळं झालं, मग लाल. शोषणाचं शिखर ५१९ एनएमला (नॅनोमीटर), छान टोकदार. बाटलीतलं दोन आठवडे झाले तरी लालच आहे. निळं नंतर पडतं.

गवतीचहा
सायट्रेट सोडा हो. कडुनिंबाचा पाला उकळा आणि त्यात क्लोराइड टाका. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) २००४ मध्ये गवती चहाच्या काढ्यातून सोन्याचे त्रिकोणी पापुद्रे केले होते, मोठ्या नियतकालिकात आलं होतं. आपल्या परसातलं सोडून लोक अजून परदेशी रेसिपी घोटत बसतात.

सरळरेषा
@गवतीचहा: काम उत्तमच होतं, पण त्या त्रिकोणांचं शोषण पार अवरक्तात जातं. तिला गोल, एकसारखे कण मिळालेत, ५१९ ला शिखर आहे. मग पाला कशाला? शिवाय काढ्यातलं नेमकं काय कणावर चिकटलंय ते कोण सांगणार?
@धागाकर्ती: बाटलीत दोन आठवडे लाल आहे म्हणजे तुमची पद्धत बरोबर आहे. *नंतर* म्हणजे कशानंतर?

भस्मासुर
सुवर्णभस्माबद्दल कुणीच कसं बोलत नाही? आपल्याकडे हे नॅनोविज्ञान शतकानुशतकं आहे.

जुना_भांडेघाशा
भस्माचा धागा वेगळा काढा राव. मुलीचा शुक्रवार आहे.

कुतूहलराव
मी फिजिक्सवाला नाही, पण वाचलंय की कण मोठे झाले की रंग बदलतो. म्हणजे कण वाढत असणार. रोमन लोकांनी चौथ्या शतकात केलेला एक काचेचा पेला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, बाहेरून उजेड पडला तर हिरवा आणि आतून दिवा लावला तर लाल. काचेत सोन्या-चांदीचे बारीक कण आहेत. कसलं भारी ना!

प्रिझमवाला
सरफेस प्लाझमॉन, म्हणजे प्रकाशाने धातूच्या पृष्ठावर उठणारा इलेक्ट्रॉनांचा हेलकावा, म्हटलं की एक चूक सगळे करतात. सपाट सोन्यावर नुसता प्रकाश पाडून प्लाझमॉन उठत नाही, संवेग जुळत नाही. १९६८ मध्ये क्रेट्शमान आणि रेदर यांनी दाखवल्याप्रमाणे प्रिझमच्या तळाला साधारण ५० एनएमचा पत्रा हवा, पी-ध्रुवित प्रकाश हवा आणि कोन फिरवत न्यायचा. परावर्तन खाली बसतं त्या कोनाला तुमचं उत्तर मिळतं.

वैतागलेली_एमेस्सी
माझ्याकडे प्रिझम नाही, पत्रा नाही. बाटलीत लाल पाणी आहे.
@सरळरेषा: कशानंतर म्हणजे काय, अँटीबॉडी घातल्यावर! त्याशिवाय कशाला बनवेन मी सोनं?

सरळरेषा
आता कुठे गाडी रुळावर आली. हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. अँटीबॉडी कशात आहे?

वैतागलेली_एमेस्सी
कंपनीकडून आली तशीच. पीबीएसमध्ये, म्हणजे ते फॉस्फेटचं बफर, पीएच स्थिर ठेवणारं. सगळे त्यातच ठेवतात.

सरळरेषा
@कुतूहलराव, पेला भारीच आहे, पण तुमचं अनुमान इथे लागू नाही. १३ एनएमचा गोळा पाण्यात ५२० च्या आसपास शोषतो. तोच वाढून १०० एनएम झाला तरी शिखर ५७० च्या आसपास. निळं दिसायला शिखर ६०० च्या पलीकडे पसरावं लागतं. आणि खोलीच्या तापमानाला, क्लोराइड संपल्यावर, कण काही मिनिटांत वाढणार कसे? ते वाढले नाहीत, एकमेकांना चिकटले.

धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन म्हणजे परातीतलं पाणी समजा. प्रकाश परात हलवतो, पाणी हेलकावतं, ठरावीक लयीत हलवलं तर काठावर चढतं. ती लय म्हणजे तुमचं ५१९. इलेक्ट्रॉन एका बाजूला सरकले की दुसऱ्या बाजूचा धन प्रभार त्यांना मागे ओढतो, हेलकाव्याचा वेग त्या ओढीवर ठरतो. आता दुसरा कण अगदी शेजारी आणा. दोघांमध्ये फटीच्या अलीकडे ऋण, पलीकडे धन असे प्रभार समोरासमोर येतात, परतीची ओढ ढिली होते, हेलकावा संथ होतो. संथ म्हणजे लांब तरंगलांबी.

कुतूहलराव
थांबा. म्हणजे शिखर लालकडे सरकतं आणि द्रावण निळं दिसतं? उलटं नाही का?

पट्टीवाला
बाटलीत आपल्याला दिसतं ते गिळल्यावर उरलेलं. आधी हिरवा गिळत होतं, लाल सुटत होता. आता नारिंगी-लाल गिळतं, निळा सुटतो.

मी जलद चाचणीच्या पट्ट्या करणाऱ्या एका युनिटात काम करतो. गरोदरपणाच्या पट्टीतली किंवा कोविडच्या किटमधली लाल रेघ म्हणजे बहुतेक वेळा हेच सोनं, साधारण ४० एनएमचं. तुझी गोष्ट आम्ही दर नव्या मुलाकडून ऐकतो. पीबीएसमध्ये १३७ मिलिमोलर मीठ असतं. कण सायट्रेटच्या ऋण प्रभारामुळे एकमेकांपासून लांब राहतात. मिठाचे आयन गर्दी करून तो प्रभार झाकतात, पीबीएसमध्ये त्याची पोच एक एनएमपेक्षा कमी उरते. मग कण जवळ येतात आणि संपलं. १८५७ साली लंडनमध्ये फॅरडेनेही मीठ घालून माणकासारखं लाल द्रावण निळं केलं होतं. फक्त त्याला शुक्रवार नव्हता.

पण एक शंका. किती अँटीबॉडी घातलीस? १ मिलीत थोडीशी घातली तर एवढं मीठ जात नाही.

वैतागलेली_एमेस्सी
१ मिली सोन्यात १०० मायक्रोलिटर.

पट्टीवाला
एवढ्याने माझ्या हिशेबात मिनिटाभरात निळं पडायला नको. अजून काहीतरी आहे.

वैतागलेली_एमेस्सी
वर अर्धा मिली पीबीएस घातलं होतं, व्हॉल्यूम करायला. ते सांगायचं राहिलं. मला वाटलं बफर म्हणजे पाण्यासारखंच.

जुना_भांडेघाशा
😀 भांडी बरी की काय.

गवतीचहा
पाल्याच्या कणांवर निसर्गतः प्रथिनं बसतात, ते मिठात निळे पडत नाहीत.

पट्टीवाला
@गवतीचहा: काही पडत नाहीत, काही पडतात. आणि आधीच प्रथिनं बसली असतील तर हिची अँटीबॉडी बसणार कुठे? डब्यात जागा नको का?

@वैताग: आधी खात्री करून घे, मग औषध. दोन नळ्या. एकीत १ मिली सोनं आणि ०.६ मिली पीबीएस, अँटीबॉडी नाही. दुसरीत पीबीएसऐवजी पाणी. पहिली निळी, दुसरी नुसती फिकी लाल राहिली तर दोषी मीठ.

मग अँटीबॉडी रात्रभर ५ मिलिमोलर बोरेटमध्ये, पीएच ९ च्या आसपास, फ्रिजमध्ये डायलाइज कर, म्हणजे बारीक भोकांच्या पडद्याच्या पिशवीत बुडवून ठेव, मीठ बाहेर झिरपतं. अँटीबॉडी टिकवायला घातलेलं अझाइड, ग्लिसरॉल, बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) यातलं लेबलवर काय लिहिलंय तेही बघ. बीएसए डायलिसिसने जात नाही, आणि असेल तर सोन्यावरची जागा तोच आधी पकडतो. सोन्याचा पीएच पोटॅशियम कार्बोनेटने ८.५ ते ९ कर. बऱ्याच अँटीबॉडींना हे चालतं, सगळ्यांना नाही. आणि पीएच मीटरची दांडी सोन्यात बुडवू नकोस, तिचं तोंड बुजतं. पट्टीचा कागद वापर.

नंतर सात-आठ नळ्यांत अँटीबॉडी वाढत्या प्रमाणात घाल, पंधरा मिनिटं थांब आणि प्रत्येकीत १० टक्के मिठाचं पाणी टाक. हो, मुद्दाम मीठ. ज्या नळीपासून लाल टिकतं तेवढी अँटीबॉडी पुरते. त्याहून थोडी जास्त घे आणि शेवटी बीएसएने उरलेली जागा भर.

प्रिझमवाला
पत्र्यावर अँटीबॉडी बसवली असती तर हा मिठाचा प्रश्नच आला नसता.

भस्मासुर
नवा धागा काढलाय, सगळ्यांनी यावे.

वैतागलेली_एमेस्सी (बुधवार)
पीबीएसची नळी मिनिटभरात निळी, पाण्याची फिकी लाल. म्हणजे अँटीबॉडी बिचारी निर्दोष. तीनदा सोनं मी स्वतः मारलं. लेबलवर बीएसए नाही, अझाइड आहे. डायलिसिस लावून आलेय.
@सरळरेषा: परात डोक्यात बसली. गाईडना हेच सांगेन, माझं म्हणून.

वैतागलेली_एमेस्सी (गुरुवार, रात्री)
नळी १ ते ३ निळ्या, ४ जांभळट, ५ पासून पुढे लाल!! पाचवीचं शिखर ५१९ वरून ५२४ वर गेलंय. एवढं सरकलं म्हणजे परत चिकटतायत का?

सरळरेषा
नाही. शिखर अजून टोकदार आहे ना? मग चिकटले नाहीत. कणाभोवती आधी पाणी होतं, आता प्रथिनाचा थर आहे. त्याचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा जास्त, म्हणून शिखर काही एनएम लांब जातं. तुमची अँटीबॉडी बसली याचाच तो पुरावा आहे, ग्राफवर ठळक दाखवा.

वैतागलेली_एमेस्सी
धन्यवाद सगळ्यांना! आता फक्त जास्तीची अँटीबॉडी काढायला सेंट्रीफ्यूज केलं तर तळाशी काळा थर बसलाय आणि हलवून सुटत नाहीये. का?

पट्टीवाला
किती वेगाने फिरवलंस?

वैतागलेली_एमेस्सी
फुल्ल.

पट्टीवाला
फुल्ल म्हणजे किती जी, गुरुत्वाच्या किती पट? आरपीएम नको, जी. रोटर कुठला आहे?

वैतागलेली_एमेस्सी
असतो तोच, नेहमीचा.