चाचणीसाठी सभासदांची माहिती बाहेर देताना हॅश पुरेसा आहे का?

प्रश्न:
आमच्या पतसंस्थेचा सुमारे १८,००० सभासदांचा डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे. नवे मोबाइल ॲप बाहेरच्या कंपनीकडून करून घेत असून चाचणीसाठी त्यांनी डेटाबेसची प्रत मागितली आहे. मोबाइल आणि आधार या दोन कॉलमांत मूळ क्रमांकांच्या जागी त्यांचे एसएचए-२५६ हॅश (ठराविक सूत्राने काढलेली, मूळ क्रमांक न दाखवणारी अक्षरमाला) भरून ती प्रत द्यावी, असा माझा विचार आहे. सहकाऱ्याचे म्हणणे असे की, सर्व्हरची संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी केली) की मास्किंगची, म्हणजे खरी माहिती झाकण्याची, गरजच उरत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
प्रत अजून दिली नसेल तर थांबावे. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरे, पण इथे तो फिरवण्याची गरजच पडत नाही. आपल्याकडचा मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. त्या सगळ्यांचे हॅश काढून तुमच्या कॉलमाशी ताडून पाहणे हे साध्या ग्राफिक्स कार्डाचे काही सेकंदांचे काम आहे. आधारचे बारा अंक भक्कम वाटतात, परंतु पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून व्हरहॉफ पद्धतीने ठरतो, त्यामुळे शक्यता ८,००० कोटींवरच थांबतात. तेही फार तर काही मिनिटांचे काम.

चाचणीला खरे क्रमांक लागतच नाहीत, तेव्हा बनावट क्रमांक भरावेत. मात्र बनावट आधारचा शेवटचा अंक नियमाप्रमाणे जुळला पाहिजे, नाहीतर ॲपचा फॉर्मच तो नाकारेल. शिवाय एकच व्यक्ती एका कर्जात कर्जदार आणि दुसऱ्यात जामीनदार असते. तिला दोन्ही टेबलांत एकच बनावट क्रमांक मिळाला नाही, तर जोडण्या तुटतील आणि चाचणी निरर्थक ठरेल. आणखी एक, ‘शेरा’ हा कॉलम आधी वाचून पाहावा.

उत्तर २:
सहकाऱ्याच्या मुद्द्याविषयी. डिस्कचे एन्क्रिप्शन डिस्क चोरीला गेली तर वाचवते. डेटाबेस चालू असताना ज्याच्याकडे लॉगिन आहे त्याला सगळे सरळ वाचता येते, आणि पीजी-डम्प या पोस्टग्रेसच्या साधनाने काढलेली प्रतही वाचनीय मजकुरातच बाहेर पडते. म्हणजे तुम्ही जी फाइल पाठवणार आहात, तिला या एन्क्रिप्शनचा काडीचाही उपयोग नाही.

मूळ डेटाबेसात मात्र एन्क्रिप्शन हवेच, आणि ते कॉलमाच्या पातळीवर. पीजीक्रिप्टो ही पोस्टग्रेसची एन्क्रिप्शनची जोड वापरताना किल्ली थेट क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) लिहिली, तर क्वेरी नोंदवणे चालू असलेल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये ती जशीच्या तशी उतरते, म्हणून एन्क्रिप्शन ॲप्लिकेशनमध्येच करावे आणि किल्ली डेटाबेसच्या व बॅकअपच्या बाहेर ठेवावी. क्रमांकावरून सभासद शोधायचा असेल, तर शेजारी वेगळ्या गुप्त किल्लीने काढलेल्या एचमॅकचा (किल्ली मिसळलेल्या हॅशचा) कॉलम ठेवून त्यावर इंडेक्स करावा. आधारबाबत यूआयडीएआय या आधार देणाऱ्या प्राधिकरणाने २०१७ मध्ये सांगितलेली रचनाही याच विचाराची आहे: क्रमांक एका स्वतंत्र, एन्क्रिप्टेड तिजोरीत आणि इतरत्र केवळ संदर्भ-क्रमांक. तुमचे काम शेवटच्या चार अंकांवर भागत असेल, तर पूर्ण क्रमांक बाळगण्याचा हट्ट का, हेही संचालक मंडळाला एकदा विचारावे.

कंपनीशी करार आहे म्हणून निश्चिंत राहू नये. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार, काम दुसऱ्याकडे सोपवले तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेचीच राहते, आणि वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

प्रश्नकर्ता:
‘शेरा’ उघडून पाहिला आणि हादरलोच. ‘फोन लागत नाही, मुलाच्या नंबरवर करावा’ असे लिहून पुढे पूर्ण क्रमांक, कुठे जामीनदाराचा पत्ता, एका ठिकाणी तर पॅनही. हा कॉलम प्रतीतून पूर्ण रिकामा करतो आहे. नावे आणि क्रमांक बनावट केल्यावर गाव, जन्मतारीख आणि कर्जाची रक्कम तशीच ठेवली तर चालेल का?

उत्तर १:
चालणार नाही. लहान गावात ट्रॅक्टरसाठी मोठे कर्ज घेतलेला माणूस नावाशिवायही ओळखू येतो. गावांची अदलाबदल करावी, प्रत्येक सभासदाची जन्मतारीख वेगवेगळ्या दिवसांनी पुढे-मागे सरकवावी. फक्त अज्ञान सभासद सज्ञान होणार नाही आणि ज्येष्ठ नागरिकाचा जादा व्याजदर बदलणार नाही, एवढे सांभाळावे. रकमाही थोड्या हलवाव्यात, पण हप्ते त्या नव्या रकमेवरून पुन्हा काढावेत, नाहीतर थकबाकीचा अहवाल जुळणार नाही.