नाशिकला आणखी योजना नकोत, सरकारी दवाखाने बळकट करा

गोदाकाठ
कोणाशीही बोला, एकच ऐकू येतं: सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला उपचारांसाठी वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे, मग सिव्हिलवर पैसा कशाला घालायचा? मला हे पटत नाही. योजना चालते ती पेशंट ॲडमिट झाल्यावर, तेही ठरलेल्या पॅकेजपुरती. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, लेकराचा ताप, कुत्रा चावल्यावरची इंजेक्शनं यांचं काय? आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ही खरी योजना. पेठ, सुरगाणा, हरसूलची माणसं पहाटेची एसटी धरून सिव्हिलला येतात, ती कार्ड दाखवायला नाही. पैसा तिथल्या खाटांवर आणि रिकाम्या जागा भरण्यावर घाला.

सातपूरवाला
अजिबात सहमत नाही. माझ्या वडिलांना रात्री दीड वाजता छातीत कळ आली. घरापासून जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं, योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, खिशातून काही गेलं नाही. शालिमारच्या सरकारी संदर्भ रुग्णालयात हृदयाचे उपचार होतात, मान्य. पण अशा वेळी माणूस जवळचं दार ठोठावतो. तो हक्क गरिबालाही हवा. आणि सार्वजनिक रुग्णालयांचं म्हणाल तर 21 एप्रिल 2021 विसरलात का? महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि त्या एका दिवसात 22 जीव गेले.

गोदाकाठ
विसरलो नाही, विसरणारही नाही. पण त्या टाकीची देखभाल ठेकेदाराकडे होती. स्वतःची माणसं न नेमता कामं बाहेर द्यायची, यालाच तर माझा विरोध आहे.

पीएचसी_सिस्टर
पेठ तालुक्यात पीएचसीत, म्हणजे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करते, म्हणून लिहिते. पावसाळ्यात आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत साप चावलेला माणूस येतो. आधी भगताकडे जाऊन आला असेल तर वेळ गेलेलाच असतो. आम्ही काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत त्याचं थोडं रक्त घेतो आणि ती 20 मिनिटं न हलवता ठेवतो. मग नळी तिरपी करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय, लगेच सापाच्या विषावरची लस सुरू. नाग-मण्यारचं वेगळं, त्यात पापण्या जड होतात, श्वास अडकतो. या चारही सापांवर लस एकच. ती आमच्या फ्रीजमध्ये असली तर माणूस सावळ घाट ओलांडून नाशिकला पोचेपर्यंत तग धरतो. सातपूरवाला दादा, तुमच्या वडिलांना जवळचं दार मिळालं, फार बरं झालं. आमच्याकडे जवळचं दार एकच, सरकारी. योजनेतलं मोठं हॉस्पिटल या घाटात येऊन कोण बांधणार?

सातपूरवाला
ताई, खेड्यापुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर. मी शहराबद्दल बोलतोय. शहरात योजनाच हवी.

डॉक्टर_पंचवटी
माझं छोटं नर्सिंग होम आहे. गोदाकाठ, नुसत्या पैशाने जागा भरत नाहीत. एमडी झालेली मुलगी सुरगाण्याला का जाईल? राहायला धड क्वार्टर नाही, भूलतज्ज्ञ नाही, बाईची अवघड डिलिव्हरी निघाली तर सगळा दोष तिच्या माथी. आधी ते सुधारा. आणि सातपूरवाला, योजनेचे दर आणि उशिरा येणारी बिलं यांमुळे आमच्यासारख्यांना ती परवडत नाही. लहान दवाखाने बाहेर राहिले तर योजना मोठ्या हॉस्पिटलांपुरती उरेल. मग ‘जवळचं दार’ कुठून आणणार?

गोदाकाठ
डॉक्टर, क्वार्टर आणि भूलतज्ज्ञ हाही पैशाचाच प्रश्न आहे, म्हणून तर तो तिकडे वळवा म्हणतोय. आणि शहरापुरतं बोलायचं तर धर्मादाय हॉस्पिटलं आहेत. त्यांनी 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. आधी त्या खाटा मागा. दाखल करताना समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड जवळ ठेवा. नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करा.

सातपूरवाला
खाटांचं ठाऊक नव्हतं, शेजाऱ्यांना सांगतो. पण योजना बंद करा म्हणाल तर माझा विरोध कायम. ती रात्र मी काढली आहे.