किनाऱ्यावरून एकट्याने गळ टाकण्यासाठी कोणती तिथी निवडावी आणि शिसे किती वजनाचे वापरावे?

नमस्कार. मी नेरूळला राहतो आणि गेली काही वर्षे दिवाळे गावच्या जेट्टीवरून खाडीत गळ टाकतो. तिथे ३० ग्रॅमचे शिसे (दोरी तळाशी नेणारे वजन) लावले की काम भागते आणि शिंगाळी, ढोमी असे मासे मिळत राहतात. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत धावू लागल्यापासून मात्र पिरवाडीचा किनारा खुणावत होता, म्हणून गेल्या शनिवारी कामावरून लवकर निघून एकटाच तिकडे गेलो. खाडीची सवय लाटांच्या पाण्यात किती तोकडी पडते, हे तिथे कळले.

त्या दिवशी कृष्ण द्वितीया होती. माझे आजोळ अलिबागकडचे असून, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब आजोबांनी लहानपणीच शिकवला होता. द्वितीयेला त्यानुसार दीडच्या सुमारास भरती येते आणि साडेसातला पूर्ण ओहोटी होते. हिशेब ठाऊक असूनही मी तो केला तो लोकलमध्ये बसल्यावर! पाच वाजता किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाणी उतरू लागून बराच वेळ झाला होता, आणि दर अर्ध्या तासाने मला डबा, पिशवी व रॉडचा स्टँड उचलून पाण्यामागे पुढे सरकावे लागत होते.

रॉड १० फुटी आहे, दोरी ०.३५ मिलिमीटरची मोनो (एकपदरी नायलॉन) आहे, आणि शिसे ६० ग्रॅमचे, गोल होते. लाटा फुटतात त्या रेषेच्या जरा पलीकडे ते पडत होते, पण प्रवाह त्याला वाळूवरून गडगडत डावीकडे नेई आणि पंधरा मिनिटांत दोरी किनाऱ्याला जवळजवळ समांतर होई. परत ओढावे, तर दोरीला प्लास्टिकच्या चिंध्या लोंबत असत आणि गरीवर कोळंबीचे रिकामे कवच व शेपटी एवढेच उरलेले असे, म्हणजे बहुधा खेकड्यांची मेजवानी झाली असावी. शिवाय प्रत्येक लाटेसरशी रॉडचे टोक वाकत असल्यामुळे मासा लागला की नुसते पाणी आहे, हे मला शेवटपर्यंत ओळखता आले नाही.

अंधार पडल्यावर वीतभर शिंगाळा लागला. गरी सोडवताना त्याच्या बाजूच्या पराचा काटा अंगठ्यात गेला, कारण पकड घरी राहिली होती आणि बॅटरी धरायला दुसरा हात मोकळा नव्हता. चहाच्या टपरीवर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अंगठा बुडवून बसलो, तेव्हा अर्ध्या तासाने ठणका कमी झाला. पुढच्या वेळी डोक्याला बांधायची बॅटरी आणि पकड हे दोन्ही सोबत असेल, तेव्हा त्याबद्दल विचारत नाही.

माझी खरी अडचण अशी आहे की सुट्टी फक्त शनिवारी संध्याकाळी मिळते, आणि सध्या माझे शनिवार आलटूनपालटून उधाणावर (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी) आणि भांगावर (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) येत आहेत. येत्या शनिवारी नवमी आहे, म्हणजे पावणेसातच्या सुमारास भरती पूर्ण होईल; वेळ अगदी सोयीची आहे, पण भांगाच्या पाण्याला ओढ नसते. त्यानंतरच्या शनिवारी, अमावास्येच्या लगेच नंतर, ओहोटी सातच्या सुमारास पूर्ण होईल आणि उधाणाची भरती पुढे मध्यरात्रीपर्यंत चढत राहील. आपल्याकडे मोठ्या उधाणाला पाण्याच्या पातळीतला फरक चार मीटरांच्या आसपास जातो, त्यामुळे अंधारात एकटे असताना ते पाणी मागच्या सखल भागातून आत शिरून परतीची वाट अडवेल, अशी मला भीती वाटते.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की, लाटांच्या किनाऱ्यावर भांगाच्या संथ भरतीत मासे काठाजवळ येतात का, की धोका सांभाळून उधाणाच्या भरतीचे पहिले दोन तासच गाठावेत. दुसरे म्हणजे, वाळूत रुतून बसणारे तारांच्या पायांचे शिसे घ्यावे, की पिरॅमिडच्या आकाराचे १०० ग्रॅमचे पुरेल? माझ्या रॉडवर १२० ग्रॅमपर्यंतची मर्यादा लिहिली आहे, पण ती शिसे आणि आमिष मिळून धरायची का, हेही स्पष्ट करावे. खरेदी शुक्रवारी करणार आहे.