खांद्याच्या दुखापतीत बीएफआर: पट्टा दंडावर, मग लाभ खांद्याला कसा?

प्रश्न (भालाफेकपटू):
माझ्या रोटेटर कफमधील (खांद्याच्या सांध्याभोवतीच्या स्नायूंच्या समूहातील) टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, अंशतः फाटला असून शस्त्रक्रियेविना उपचार सुरू आहेत. वेदना बरीच कमी झाली आहे, मात्र जड वजनाला अद्याप परवानगी नाही. फिजिओथेरपिस्टनी दंडावर हवेने फुगवायचा दाबपट्टा बांधून, रक्तप्रवाह मर्यादित ठेवून हलक्या वजनाने व्यायाम करण्याची, म्हणजे बीएफआरची (ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन), पद्धत सुचवली आहे. मांडीला पट्टा बांधला की तिचे बहुतेक स्नायू त्याच्या खालच्या बाजूस येतात, हे समजते. परंतु खांद्याचे स्नायू पट्ट्याच्या वर राहतात आणि त्यांचा रक्तप्रवाह अडतच नाही. मग उपयोग कशामुळे होतो?

प्रतिसाद १ (क्रीडा-फिजिओथेरपिस्ट):
आपली शंका रास्त आहे. सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण असे, की पट्ट्याखालील स्नायूंना ऑक्सिजन कमी पडून ते लवकर थकतात, आणि तीच हालचाल पूर्ण करण्यासाठी मज्जासंस्था खांद्याभोवतीच्या स्नायूंना अधिक प्रमाणात कामाला लावते. निरोगी व्यक्तींवरील काही प्रयोगांत तेवढ्याच हलक्या वजनाच्या साध्या व्यायामापेक्षा खांद्याच्या स्नायूंत अधिक वाढ दिसली. सर्व निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत, आणि दुखापतग्रस्त खेळाडूंवरील पुरावा त्याहून तोकडा आहे.

एका वेळी उचलता येणाऱ्या कमाल वजनाच्या साधारण 20 ते 30 टक्के वजन, 30, 15, 15 आणि 15 आवर्तनांचे चार सेट आणि मध्ये सुमारे अर्ध्या मिनिटाची विश्रांती, अशी रचना प्रचलित आहे. दाब ठरवताना धमनीतील प्रवाह पूर्ण थांबवणारा दाब आधी मोजतात आणि हातासाठी बहुधा त्याच्या 40 ते 50 टक्के ठेवतात. हा आकडा दंडाचा घेर, पट्ट्याची रुंदी आणि रक्तदाब यांनुसार बदलतो. म्हणून अंदाजाने आवळलेला इलॅस्टिक पट्टा मी कोणत्याही खेळाडूला वापरू देणार नाही.

प्रतिसाद २ (स्ट्रेंथ प्रशिक्षक):
एक भर घालतो. भाला सुटल्यानंतर वेगाने पुढे जाणाऱ्या हाताला आवर घालण्याचे काम रोटेटर कफचे मागचे स्नायू लांबत असताना करतात. त्या ताणाची तयारी हलक्या वजनाने पूर्ण होत नाही. जड वजन वर्ज्य असलेल्या काळात स्नायूंची झीज रोखण्यासाठी बीएफआर वापरावे आणि परवानगी मिळताच वजन टप्प्याटप्प्याने वाढवावे.

प्रतिसाद ३ (क्रीडा-वैद्यक):
फेक करणाऱ्या खेळाडूंच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून तपासावी. हात वारंवार डोक्यावरून फिरवल्याने गळपट्टीच्या हाडाखालील शीर दाबली जाऊन तीत रक्ताची गुठळी होऊ शकते. हाताला सूज, जडपणा किंवा निळसरपणा जाणवत असल्यास त्याचे निदान होईपर्यंत पट्टा बांधू नये. पूर्वी गुठळी झालेली असणे, अनियंत्रित रक्तदाब, सिकलसेलचा (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक) दोष, गर्भावस्था आणि काखेतील लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) काढलेल्या असणे, अशा स्थितींतही आधी डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य आहे.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. सूज किंवा निळसरपणा नाही. व्यायाम करताना बोटांना मुंग्या आल्या तर सेट पूर्ण करावा का?

प्रतिसाद १:
नाही. स्नायूंत जळजळ होणे अपेक्षित असते. मुंग्या किंवा बधिरता आल्यास पट्ट्यातील हवा तत्काळ सोडावी आणि पुढील सत्रापूर्वी दाब व पट्ट्याची जागा पुन्हा तपासून घ्यावी. खांद्याच्या आतली मूळ वेदना उफाळली, तर दाबाऐवजी आधी वजन आणि हालचालीची कक्षा कमी करावी.