सांगून ठेवलेली सीट नक्की कोणाची?

अबोली_डों

कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारते. लेडीज डब्याने रोज जाणाऱ्यांनी उत्तर दिलं तर जास्त बरं. बाकीच्यांनीही लिहा, फक्त "लोकलमध्ये हे असंच चालायचं" एवढंच लिहून जाऊ नका.

मी डोंबिवली ते भायखळा जाते, सव्वाआठच्या सुमाराची बदलापूर फास्ट. ती भरूनच येते. बसायला मिळण्याचा प्रश्न नसतो, चढायला मिळालं की झालं. आत ढकलले गेले की बॅग वर रॅकवर द्यायची आणि दोन बाकांच्या मधल्या जागेत शिरायचं, हा माझा रोजचा क्रम. मला मणक्याचा त्रास आहे, एल-फोर एल-फाइव्ह. कमरेचा पट्टा ड्रेसच्या आत असतो, त्यामुळे बघणाऱ्याला मी धडधाकट दिसते. म्हणून शिरल्या शिरल्या विचारून घेते, "कुठे उतरणार?" काल खिडकीजवळच्या बाई म्हणाल्या, घाटकोपर. मी म्हटलं, "मग मला द्या हं." त्या म्हणाल्या, "दिली." शेजारच्या दोघींनी ऐकलं. पक्कं झालं.

ठाण्याला लोंढा आला. त्यात एक मुलगी होती, पंचविशीची असेल, पिवळा कुर्ता, सॅक पोटाशी धरलेली. ती माझ्या कोपराला लागून उभी राहिली. घाटकोपर आलं, खिडकीजवळच्या बाई उठल्या, त्यांना वाट द्यायला मी अंग चोरलं आणि तेवढ्यात ती माझ्या हाताखालून जाऊन बसली. मी म्हटलं, "ए, ऊठ. ती माझी सीट आहे, डोंबिवलीपासून सांगून ठेवलीये." शेजारच्या दोघीही म्हणाल्या, "हो गं, त्यांनी आधीच सांगितलंय." ती उठली. एक शब्द बोलली नाही. मी बसले.

विद्याविहार गेलं असेल-नसेल, ती माझ्या पायाशी खाली बसली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. "वारा येऊ द्या, वारा येऊ द्या," म्हणून सगळ्या ओरडायला लागल्या. मी उठून तिला बसवलं, बाटली दिली. जरा बरं वाटल्यावर एवढंच म्हणाली, "तिसरा महिना आहे." दादरला उतरली. मी तिच्याबरोबर उतरायला हवं होतं, हे गाडी सुटल्यावर सुचलं.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, तुला काय माहीत होतं? खरंच माहीत नव्हतं. पण मग माझं चुकलं ते काय? सीट मागणं, मागायची पद्धत, की काहीच नाही? आणि उद्या पुन्हा अशी वेळ आली तर कुठल्या नियमाने वागायचं?

---

पहाटपाळी

तुमचं काहीही चुकलेलं नाही. स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

मी नालासोपाऱ्याहून अंधेरीला जाते. माझी उंची पाच फुटांच्या आत आहे. सीट रिकामी होताच जी झडप घालेल तिची, असा नियम असता तर मी गेल्या अकरा वर्षांत एकदाही बसले नसते. सांगून ठेवायची पद्धत आहे म्हणून माझ्यासारख्या बायका, पन्नाशीच्या मावश्या, नवीन लागलेल्या मुली यांना न भांडता जागा मिळते. ती मोडली की धसमुसळ्या बायका बसणार आणि बाकीच्या उभ्या राहणार. मी केस ओढण्यापर्यंत गेलेली भांडणं बघितली आहेत. सगळी भांडणं एकाच कारणावरून, कोणीतरी मध्येच घुसून बसलं.

त्या मुलीने तोंड उघडायला हवं होतं. "ताई, मला बरं वाटत नाहीये" म्हणायला कितीसा वेळ लागतो? लेडीज डब्यात हे ऐकून कोणी उठलं नाही असं मी तरी बघितलेलं नाही.

---

निवृत्त_पासधारक

अबोली, बाळा, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. मी १९८७ पासून बत्तीस वर्षं कल्याण ते व्हीटी केलं. स्टेशनचं नाव दोनदा बदललं, आता सीएसएमटी म्हणतात, तरी आमच्या तोंडी व्हीटीच राहिलं. तेव्हा नऊ डब्यांची गाडी असायची आणि फास्ट असली की पारसिकच्या बोगद्यातून जायची. बोगद्यात खिडकीतून गार वारा यायचा, तेवढी दोन मिनिटं उभ्या असलेल्यांनाही बरं वाटायचं.

आमचा नऊ जणींचा ग्रुप होता. पाच कल्याणच्या, चार डोंबिवलीच्या. कल्याणच्या आम्हाला सुटणारी गाडी मिळायची, आम्ही बसून यायचो. डोंबिवलीच्या चौघी उभ्या. मग ठरलं की घाटकोपरला आम्ही उठायचं आणि त्यांना बसवायचं. कल्याण ते व्हीटी ५४ किलोमीटर, म्हणजे अर्धं अंतर मुलुंड-भांडुपच्या मध्ये कुठेतरी येतं. पण आमची गाडी तिथे थांबायची नाही आणि चालत्या गाडीत गर्दीत उठबस म्हणजे कोणाच्या तरी पायावर पाय. म्हणून घाटकोपर. जी सर्दी-तापाने आली असेल तिने उठायचं नाही, आणि ते तिने सांगायचं नाही, शेजारणीने सांगायचं. हे शेवटचं लक्षात ठेव.

माझी धाकटी बहीण बोरिवलीची. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हा ती फार खूश झाली होती. आठवड्याने भेटली तर म्हणाली, अख्खी गाडी बायकांची, तरी डब्यात शिरल्यावर पहिला प्रश्न "कुठे उतरणार?" हाच. तेव्हा ही पद्धत कोणी एकीने काढलेली नाही. तीन जणींच्या बाकावर चौघी बसूनही तितक्याच उभ्या राहतात, त्यातून ती आली.

पहाटपाळी म्हणते त्यातलं निम्मं मला पटतं. पद्धत हवीच. पण त्या घाटकोपरच्या बाईने शब्द दिला होता, तो तुला. त्याने ती बांधली गेली, शेजारच्या दोघी साक्षीदार म्हणून बांधल्या गेल्या. ठाण्याला चढलेल्या मुलीला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तू तिला "ए, ऊठ" म्हणालीस. त्याऐवजी "अगं, मी डोंबिवलीपासून उभी आहे, मला पाठीचा त्रास आहे, तुला बसायलाच हवंय का?" असं विचारलं असतंस, तर तिला "हो" म्हणायला जागा मिळाली असती. "ए, ऊठ" ला उत्तर दोनच, भांडण नाहीतर उठणं. ती भांडणारी नव्हती.

मीही असं केलेलं आहे, म्हणून सांगते. १९९४ चा पावसाळा, माझ्या सीटवर बसलेल्या एका बाईला मी उठवलं. तिचा उजवा हात पदराखाली होता. उठताना कडी धरायला तिने डावा हात वर केला तेव्हा पदर सरकला आणि उजव्या हाताचं प्लास्टर दिसलं. मी परत बस म्हटलं तर बसली नाही. कुर्ल्यापर्यंत तशीच उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. ती पाठ मला अजून आठवते.

---

चौथी_सीट

जनरल डब्यातला आहे, ठाणे ते करी रोड. पुरुषांच्या डब्यात सांगून ठेवण्याची पद्धत इतकी पक्की नाही. आमच्याकडे सुटणाऱ्या स्टेशनला ग्रुपवाले रुमाल टाकून सीट धरतात, त्याचा त्रास जास्त. माणूस एक, रुमाल तीन.

कायद्याचं विचाराल तर पासावर सीट नंबर नसतो, पास फक्त प्रवासाचा. रेल्वे कायदा १९८९, कलम १५५ मध्ये राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला चढायला अडवणं हा दंडाचा गुन्हा आहे. आत गेल्यावर उतरणाऱ्याची सीट कोणाला, यावर कायदा काही म्हणत नाही. तेवढं आपण आपापसात ठरवायचं.

दुसरं, अबोलीताईंनी चेहरा बघायला हवा होता असं सगळे म्हणतील. ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात, रेल्वे त्याला सुपर डेन्स क्रश लोड म्हणते. एवढ्या दाटीत शेजारच्याचा कान दिसतो, चेहरा नाही. ज्या बसलेल्या असतात त्यांना मात्र समोर उभ्या असलेल्यांचे चेहरे नीट दिसतात. मला विचाराल तर त्या शेजारच्या दोघींनी तिच्याकडे बघायला हवं होतं. साक्ष द्यायला पुढे आल्या, पण उठल्या का?

मी स्वतः चौथ्या सीटवर बसतो तेव्हा समोर बघत राहतो. कोणी दांडा घट्ट धरून डोळे मिटलेले दिसले की विचारतो, "बसता का?" दहातले सात "नको" म्हणतात. विचारायला काही जात नाही. कानात हेडफोन घालून डोळे मिटून बसलं की हे सगळं दिसायचं बंद होतं.

---

मुलुंडची

पहाटपाळी, "तोंड उघडायला हवं होतं" हे वाचून लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वी मी तिसऱ्या महिन्यात अशीच गाडीत उभी असायचे. पोट दिसत नाही, उलट्या मात्र सगळ्यात जास्त तेव्हाच. घाम यायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. सासूबाईंनी बजावलं होतं, तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. आधी एकदा पडलं होतं, त्यामुळे मलाही सांगायची भीती वाटत होती. आणि ज्या डब्यात मी उभी असायचे त्याच डब्यात माझ्या ऑफिसच्या दोघी असायच्या. मोठ्याने "मी प्रेग्नंट आहे, जागा द्या" म्हटलं असतं तर दहा वाजेपर्यंत साहेबांना कळलं असतं. प्रमोशनची यादी लागायची होती. मी गप्प राहायचे. ती मुलगी का गप्प होती ते मला माहीत नाही, पण तिला बोलता येत नव्हतं असं नाही.

म्हणून निवृत्त काकूंचं "शेजारणीने सांगायचं" मला फार पटलं.

एक उपयोगाचं सांगते. दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बायका आणि कॅन्सरचे रुग्णही जाऊ शकतात. डॉक्टरांचा कागद पर्समध्ये ठेवा, कोणी विचारलं तर दाखवता येतो. मला हे पाचव्या महिन्यात कळलं. तिथेही धडधाकट लोक चढलेले असतात आणि उठवावं लागतं, पण तिथे निदान मागायला संकोच वाटत नाही. तो डबा फलाटावर कुठे येतो ते आदल्या दिवशी बघून ठेवा, गाडी आल्यावर पळत जाणं त्या अवस्थेत जमत नाही. तब्येत फारच बिघडली तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर फोन करता येतो, पण गाडीत आधी माणसंच धावतात हेही खरं.

अबोलीताई, तुम्ही उठून तिला बसवलंत. मला कोणी बसवलं नव्हतं. मी मुलुंड ते दादर दोनदा खाली बसून गेले आहे आणि दोन्ही वेळा माझ्या डोक्यावरून "दारात काय बसलीस" एवढंच ऐकलं.

---

पहाटपाळी

मुलुंडची, ऑफिसच्या बायकांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. "तोंड उघडायला हवं होतं" हे मागे घेते. पद्धतीबद्दलचं म्हणणं मात्र तेच आहे. सांगून ठेवलेली सीट सांगणारीचीच, ती कोणाला द्यायची हे तिने ठरवावं. मध्येच घुसणारीने नाही.

---

अबोली_डों

सगळ्यांचे आभार. काकू, "ए, ऊठ" बद्दल तुम्ही लिहिलंत तिथे माझं उत्तर मिळालं. सीट मागितल्याचं मला वाईट वाटत नाहीये, पाठ खरंच दुखते. पण मी तिला मान वर करून बोलायला जागाच ठेवली नाही, ते डाचत होतं.

आज दोन गोष्टी केल्या. "कुठे उतरणार?" विचारताना पुढे म्हटलं, "मला पाठीचा त्रास आहे, म्हणून विचारते." हे मी कधीच कोणाला सांगत नव्हते, लाज वाटायची. ठाण्याला जाणाऱ्या एक बाई लगेच म्हणाल्या, "मग आत्ताच बसा, माझं स्टेशन आलंच." आणि बसल्यावर मी फोन पर्समध्ये टाकला. चौथी_सीट म्हणतात ते खरं आहे, बसल्यावर समोरचं सगळं दिसतं. ठाण्यानंतर दांड्याला कपाळ टेकवून एक आजी उभ्या होत्या. मी शेजारणीला सांगितलं, "यांना बसवू या का?" ती सरकली, मी सरकले, आजी चौथ्या जागी बसल्या. नीट नाही, पण टेकल्या.

पिवळ्या कुर्त्यातली आज दिसली नाही. कदाचित डबा बदलला असेल, कदाचित घरीच असेल. इथे ठाण्याहून चढणारं कोणी वाचत असेल आणि ती तुमच्या ओळखीची असेल तर तिला एवढं सांगा: कल्याणच्या बाजूचा लेडीज डबा, चढल्यावर डाव्या हाताला, खिडकीकडचे पहिले दोन बाक. मी त्यांच्या मध्येच उभी किंवा बसलेली असते, निळी बाटली घेऊन. मला घाटकोपरची सीट मिळाली तर ती तिची. आणि दिव्यांगांच्या डब्याचं तिला माहीत नसेल तर तेही सांगा. मुलुंडची, तो डबा ठाण्याला कुठल्या पुलाच्या जवळ येतो ते नक्की सांगाल का? उद्या सकाळी तिथेही डोकावून बघते.