कशासाठी हवंय ते आधी ठरवा
ऑफिसात आपसात मेसेज करायच्या ॲप्सबद्दल "एकदा स्लॅक किंवा टीम्स घेऊन टाका, लोक वापरता वापरता शिकतात" असं म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. स्लॅकचंच बघा ना, ते मुळात विकायला बनवलेलंच नव्हतं, टायनी स्पेक कंपनी ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम करत होती आणि टीम वेगवेगळ्या शहरांत, म्हणून आपसात बोलायला त्यांनी ते उभं केलं, गेम २०१२ला बंद पडला आणि २०१४ला हे टूल सगळ्यांसाठी आलं. म्हणजे गरज आधी होती.

आमच्या सर्व्हिस डिपार्टमेंटला असं ॲप घेताना एकच काम ठरवून घेतलं होतं, शिफ्ट बदलताना अर्धवट राहिलेल्या तक्रारी पुढच्या माणसाला नीट कळाव्यात. एका तक्रारीचा एक थ्रेड (म्हणजे त्या तक्रारीवरचे सगळे मेसेज एकाच मेसेजखाली), पहिल्या ओळीत मशीनचा नंबर, काम झालं की हिरवी टिक, बाकी गप्पा व्हॉट्सॲपवरच. रात्रपाळीवाले फोन करून विचारायचे ते बंदच झालं. आणि हेतू ठरला की प्लॅनही ठरतो, स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये ९० दिवसांपूर्वीचे मेसेज दिसत नाहीत, वॉरंटीतली जुनी तक्रार शोधायची असेल तर तो उपयोगाचाच नाही, हे घ्यायच्या आधीच बघा.