ब्रेदरन, भावकी आणि बुचकळणे

अनुवादाचं एक काम हातात आहे. अमेरिकेत मेरीलंड राज्यात शार्प्सबर्ग गावाबाहेर ब्रेदरन या ख्रिस्ती पंथाचं एक छोटं प्रार्थनाघर आहे. तिथल्या मंडळीचा आणि त्या भागातल्या शेतकरी घराण्यांचा इतिहास मराठीत आणायचाय. इंग्रजी अगदी सोपं आहे, पण तीन-चार शब्दांनी मला पार बुचकळ्यात टाकलंय. (हा शब्द पुढे परत येणार आहे.)

थोडी पार्श्वभूमी देतो. १७०८ साली जर्मनीत श्वार्झेनाऊ गावी एडर नदीत आठ जणांनी नव्यानं बाप्तिस्मा घेतला. म्होरक्या अलेक्झांडर माक, घरचा धंदा पिठाच्या गिरणीचा. तान्ह्या मुलाला दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे, ज्याला कळतं त्यानं स्वतः ठरवून घ्यावा, हे यांचं म्हणणं. त्या काळी असा दुसरा बाप्तिस्मा हा गुन्हा होता. पहिला बाप्तिस्मा कोणी द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि त्या माणसाचं नाव कायमचं गुप्त ठेवलं. १७१९ पासून ही माणसं पेनसिल्व्हेनियात जायला लागली आणि पुढे मेरीलंड-व्हर्जिनियाच्या खोऱ्यांत शेती करत पसरली.

शार्प्सबर्गला सॅम्युएल मम्मा या शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला तुकडा दिला आणि १८५२ मध्ये तिथे विटांची, पांढरी, बसकी इमारत उभी राहिली. वर मनोरा नाही, आत ऑर्गन नाही, बसायला साधी बाकं. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. आसपासचे लोक तिला मम्मांचं चर्च म्हणत. (घरात लहान मूल असेल तर हे मोठ्यानं वाचू नका. आमच्याकडे दोन दिवस ‘मम्माचं चर्च कुठंय?’ चालू आहे.)

आता प्रश्न. ‘ब्रेदरन’ला ‘भावकी’ म्हणावं का? बाकांवर बसणारे, जमीन देणारे, शेजारच्या मम्मा दफनभूमीत झोपलेले, सगळीकडे फिरून फिरून तीच आडनावं. ‘बंधुजन’ बरोबर आहे, पण वाचताना कोणी भाषणाला उभं राहिल्यासारखं वाटतं. आणि ‘डंकर’चं काय करू? शेजारीपाजारी या लोकांना त्याच नावानं हाक मारत. ‘काँग्रिगेशन’ (चर्चचा समुदाय) आणि ‘लव्ह फीस्ट’ (त्यांचं विधीचं जेवण) हेही अडलेत. (खाली टोपणनावांनी आलेल्या वाचकांच्या प्रतिक्रिया आहेत, ‘मीच’ म्हणजे मी.)

पाणवठा: डंकरचं मूळ जर्मन ‘टुंकेन’, म्हणजे बुडवणे. सरळ ‘बुडवे’ केलंत तर वाचकाला बँकेतून पळालेला कर्जबुडव्या दिसेल. ‘डुंबणारे’ म्हटलं की उन्हाळ्याच्या सुट्टीतली विहीर. तुम्ही वर वापरलेलाच शब्द घ्या ना, बुचकळणे! यांची रीत अशी की माणूस वाहत्या पाण्यात गुडघ्यांवर बसतो आणि त्याला पुढच्या बाजूला तीनदा पाण्याखाली नेतात, एकदा पित्याच्या, एकदा पुत्राच्या, एकदा पवित्र आत्म्याच्या नावानं. निळीच्या पाण्यात धोतर तीनदा बुचकळून काढायची आमची आजी, अगदी तीच हालचाल.

मीच: हालचाल तीच, मान्य. पण आजी धोतराला विचारत नव्हती. बुचकळण्यात दुसऱ्यानं मानगूट धरल्याचा वास येतो आणि इथे तर सगळा आग्रह स्वेच्छेचा आहे. विधीचं वर्णन करताना ‘तीनदा बुचकळतात’ लिहीन, पंथाचं नाव मात्र ‘डंकर’च ठेवीन. तसंही ते लोकांनी चिकटवलेलं नाव. आपल्याकडची निम्मी आडनावं अशीच चिकटलेली असतात, त्यांचा कुठे कोणी अनुवाद करतं?

सातबारा: भावकी अजिबात नको. भावकी म्हटलं की आधी बांध आठवतो आणि मग कोर्टाची तारीख. ‘भाऊबंद’ तर त्याहून वाईट, त्याला ‘की’ लागायला कितीसा वेळ लागतो! शिवाय भावकी जन्मानं मिळते, मागावी लागत नाही आणि सोडताही येत नाही. तुमच्या या लोकांत मम्मांच्या पोटी आला म्हणून कोणी आपोआप सभासद होतो का?

मीच: नाही होत. तुम्ही नेमकी माझी चूक धरलीत. आडनावं तीच दिसली म्हणून मला भावकी सुचलं, पण प्रत्येकाला वयात आल्यावर वेगळं पाण्यात उतरावं लागतं. याच मजकुरात एक प्रसंग आहे, त्यानं तर प्रश्नच मिटतो. १७ सप्टेंबर १८६२ ला या प्रार्थनाघराभोवती अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातली अँटिएटमची लढाई झाली. हत्यार न धरणाऱ्या लोकांच्या दारात एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३,००० मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. मम्मांचं घर दक्षिणेच्या सैन्यानं जाळलं. त्या धामधुमीत न्यूयॉर्कच्या पलटणीतल्या एका शिपायानं इथलं मोठं बायबल उचलून नेलं. तो वारल्यावर बहिणीनं ते पलटणीतल्या जुन्या सैनिकांना दिलं. त्यांना मूळ मंडळीचा पत्ता लागला तो जॉन लुईस यांच्यामुळे. लुईस मेरीलंडचे, जन्मानं स्वतंत्र कृष्णवर्णीय, १८५३ मध्ये ब्रेदरन झालेले, नंतर न्यूयॉर्क राज्यात एल्मायराला राहायला गेलेले. १९०३ मध्ये बायबल परत आलं. मम्मांशी ना रक्ताचं नातं, ना बांधाला बांध. भावकीत या माणसाला बसवणार कुठे?

घोलवड पॅसेंजर: इतकी डोकेफोड कशाला? ‘ब्रेदरन’ तसंच ठेवा. आमच्या डहाणूला सगळे ‘ब्रेदरन मिशन हॉस्पिटल’च म्हणतात, कोणी बंधुजन इस्पितळ म्हणत नाही. हाच तो पंथ. १८९४ मध्ये यांचे पहिले मिशनरी भारतात आले, बलसाडला (आजचं वलसाड) काम सुरू झालं आणि मग ते डहाणूकडे आलं. १९७० मध्ये इथलं ब्रेदरन चर्च ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त सामील झालं. फक्त प्लिमथ ब्रेदरनशी गल्लत होणार नाही एवढं पाहा. तो पंथ वेगळा, एकोणिसाव्या शतकातला, आयर्लंड-इंग्लंडकडचा.

‘काँग्रिगेशन’ला मात्र ‘मंडळी’च, दुसरा शब्द शोधूही नका. मराठी बायबलात चर्चला तोच शब्द आहे आणि चर्च म्हणजे इमारत नव्हे, माणसं, हे त्यात आपोआप येतं.

सातबारा: मंडळी म्हणजे बायकोसुद्धा हो! ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ असं आमचे आजोबा म्हणत. नाटक मंडळी, भजनी मंडळी आहेतच.

घोलवड पॅसेंजर: म्हणून तर गंमत आहे. तुमच्या मंडळीला अनेकवचन नाही. आमच्या मंडळीला आहे, ‘सात मंडळ्या’. प्रकटीकरणाचं पुस्तक उघडा, तिथे आशियातल्या सात मंडळ्यांना पत्रं आहेत. ‘एल्डर’ला, म्हणजे मंडळीतल्या पुढाऱ्याला, ‘वडील’ लिहाल तेव्हा मात्र जपून. ‘मंडळीचे वडील आले’ हे बाहेरच्यानं वाचलं तर त्याला सासरे आल्यासारखं वाटेल.

पाणवठा: ‘लव्ह फीस्ट’ राहिलं. ‘स्नेहभोजन’ लिहू नका, ते लग्नपत्रिकेत खालच्या कोपऱ्यात असतं.

मीच: ‘प्रीतिभोजन’ घेतोय, मराठी ख्रिस्ती वापरातला शब्द आहे. पण हे नुसतं जेवण नाही. आधी एकमेकांचे पाय धुवायचे, बायकांनी बायकांचे, पुरुषांनी पुरुषांचे. मग एकत्र साधं जेवण आणि शेवटी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला. एका क्षणी ‘पंगत’ लिहायचा मोह झाला होता. पण आपल्या पंगतीत कोण कुठे बसणार हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असे आणि शेजाऱ्याचे पाय धुणं त्यात कधीच नव्हतं.

तर आता वाक्य असं झालंय: ‘मम्मांनी जमीन दिली, पण मंडळी मम्मांची नव्हती, चाळीसहून अधिक वर्षांनी तिचं बायबल परत आलं ते एल्मायराच्या एका बंधूच्या हातून.’ ‘बंधू’ इथे भाषणासारखं वाटत नाही, निदान मला तरी. आणि ‘मंडळ्या’ टाइप केलं की खाली लाल रेघ येते, तिचं काय करायचं ते घोलवडकरांनी सांगावं.